चाकांना पडवी घालणारे आप्पा

"बाई, तुमच्यापाशी जाड कागद हाय का? वाकवला तर मोडू नये आन् सोडला तर लगीच सरळ बी व्हऊ नये, असला."

रविवारची सकाळ होती आणि सोनवणे आप्पा माझ्या दारात उभे होते. तोवर वर्षभर आम्ही समोरासमोर राहत होतो, पण त्यांचं माझ्याशी पहिलं लांबलचक बोलणं हेच. मी शिरूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि बाजारतळामागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे. गल्लीच्या पलीकडं आप्पांची शेड होती. पुढं पत्र्याचं काम, मागं घर. दिवसभर हातोडी चालायची. सुरुवातीला त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. मग लक्षात आलं की हा आवाज एकसारखा नाही. चार ठोके, मग दोन हलके, मग बराच वेळ काहीच नाही. त्या 'काहीच नाही'मध्ये आप्पा काय करतात, हे बघायला मी एकदा खिडकीत उभी राहिले. ते डोळे मिटून, तळहाताखाली जुन्या धोतराचा तुकडा धरून पत्र्यावरून हात फिरवत होते.

पुढं ओळख झाल्यावर मी त्यांना त्या फडक्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, नुसत्या हाताला सगळंच गुळगुळीत लागतं, फडकं असलं की खड्डा कळतो. मी घरी जाऊन माझ्या टेबलावर रुमाल ठेवून हात फिरवला. मधोमध एक फुगवटा लागला. ज्या टेबलावर मी वर्षभर चित्रं काढली, ते फुगलेलं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आप्पा साठीच्या आत-बाहेर असतील. उंच, हाडकुळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा आणि रेल्वेच्या नोकरीतली खाकी पँट. चष्म्याची एक काडी तारेची होती आणि ती मूळच्या काडीपेक्षा नीट बसवलेली होती. त्यांची सारी नोकरी दौंडच्या लोको शेडमध्ये, रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीत गेली. राख उपसायच्या पाट्या उचलायला लागले तेव्हा हत्याराला हात लावू द्यायचे नाहीत. जातीमुळे, हे ते सांगायचे नाहीत, मीही विचारलं नाही. पण बॉयलरच्या आत शिरलेल्या मिस्त्रीला बाहेरून रिबिट, म्हणजे पत्रे जोडणारा खिळा, दाबून धरायला कुणीतरी लागायचं. ते काम कानठळ्या बसवणारं, म्हणून कुणी करायला तयार नसे. आप्पांनी ते मागून घेतलं. मिस्त्री आतून ठोकायचा, आप्पा बाहेरून सगळा जोर छातीवर झेलायचे. त्यात डावा कान गेला. पण कुठलं रिबिट ढिलं आहे ते तळहाताला कळायला लागलं, आणि दहा-बारा वर्षांनी शेडमधले लोक अडलं की त्यांनाच हाक मारू लागले. त्यांच्या घरच्या शेडच्या भिंतीवर निळं कापड लावलेल्या कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती. तिच्याशेजारी त्या पहिल्या दिवसांतलं एक रिबिट ठेवलेलं असायचं.

कुठलीही वस्तू पुढ्यात आली की ते आधी एकच विचारायचे, "जोर कुठनं येतोय?" आमच्या शाळेतल्या एका लोखंडी कपाटाचं दार लागत नव्हतं. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. आप्पांनी दाराकडं पाहिलंच नाही. खाली वाकून फरशी बघितली, कपाटाच्या मागच्या पायाखाली एक चपटी कपची सरकवली, आणि दार बोटानं ढकललं. ते लागलं. शिपाई दोन वर्षं त्या दाराला तेल देत होता.

तर त्या रविवारी मी त्यांना चित्रकलेचा जाड पुठ्ठ्यासारखा कागद दिला आणि त्यांच्यामागं शेडपाशी गेले. तिथं एक गाडी उभी होती. तसली गाडी मी आधी फक्त मासिकात पाहिली होती. विलायती, दोन माणसांची, बसकी, सायीच्या रंगाची, वर छप्पर नाही. पुढची मडगार्डं एखाद्या जनावराच्या खांद्यासारखी गोल. तिच्याशेजारी तिशीतला एक गृहस्थ हातावर हात बांधून उभा होता. त्याचं नाव अरविंद. कोरेगाव भीमाजवळ एका कारखान्यात तो इंजिनिअर होता आणि राहायला पुण्यात. कारखान्यातल्या एका यंत्राचं चेपलेलं झाकण आप्पांनी सरळ करून दिलं होतं, तेव्हापासून तो त्यांना ओळखायचा.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, माधवची. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून माधवनं ती घेतली, जिवापाड जपली, आणि चौतिसाव्या वर्षी काविळीनं तो गेला. दोन वर्षं गाडी कापडाखाली होती. अरविंदला ती घेऊन मुंबईकडे एका जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतीत उतरायचं होतं. माधवच्या मनात ते राहून गेलं होतं. आईनं परवानगी दिली, पण एका अटीवर: माधवच्या गाडीला कुठंही भोक पाडायचं नाही, कापायचं नाही. शर्यतीहून येईल तेव्हा गाडी होती तशी दिसली पाहिजे.

अडचण अशी की शर्यतीला रुंद चाकं लागतात, म्हणजे वळणावर गाडी जमीन धरून राहते. ती चाकं अरविंदनं मिळवली होती, पण ती मडगार्डाच्या बाहेर चार बोटं येत होती. आणि नियम असा की चाकाचा माथा पत्र्याखाली झाकलेला हवा. उघडं चाक दगड उडवतं, दुसऱ्या गाडीत अडकतं. म्हणजे मडगार्डाच्या कडेला पत्र्याची रुंद कड जोडायची. पुण्यातल्या तीन कारागिरांनी त्याला एकच सांगितलं होतं, भोकं पाडा, रिबिटं मारा, नंतर भरून रंग देऊ.

आप्पांनी गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि म्हणाले, "चाक घराभायेर आलंय. त्येला पडवी पायजे. आन् ती घराला खिळा न मारता."

तेव्हापासून त्या कडेसाठी अरविंद वापरायचा तो इंग्रजी शब्द मागं पडला आणि आम्ही तिघंही 'पडवी'च म्हणू लागलो.

पुढचे सहा-सात रविवार मी तिथंच होते. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण हे कसं जमणार याची उत्सुकता मला बसू देत नव्हती. आप्पांनी शिंप्यासारखं माप घ्यायचं ठरवलं. कागद मडगार्डाच्या कडेवर धरायचा, मी पेन्सिलीनं रेघ मारायची, मग कात्री. डाव्या बाजूचा कागद नीट बसला तशी मी तोच उलटा करून उजवीकडं धरला. बसेना. एका टोकाला बोटभर फट राहत होती. मला वाटलं, माझी रेघ चुकली. पुन्हा काढली, पुन्हा तेच.

"बाई, रेघ बराबर हाय," आप्पा म्हणाले. "गाडीची दोन अंगं सारखी न्हाईत."

त्यांनी फडकं घेतलं आणि डाव्या मडगार्डावर हात फिरवायला लागले. एका जागी हात थांबला. मग बोटाच्या पेरानं टकटक करून उजवा कान लावला. मग पुढचं डावं चाक काढून, बॅटरी घेऊन ते मडगार्डाच्या खाली उताणे शिरले. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि अरविंदला म्हणाले, आत जाऊन बघा. अरविंदमागून मीही डोकं घालून पाहिलं. आतल्या अंगाला पंजाएवढा दुसरा पत्रा होता. भोवती शिसं ओतून घासून घेतलेलं, आणि कडेनं सहा भोकं बुजवलेली. बाहेरून कशाचाही मागमूस नव्हता. आप्पांना त्या कामाचं फार कौतुक वाटलं. ज्यानं केलं तो माणूस भेटायला पाहिजे, असं ते दोन-तीनदा म्हणाले.

अरविंद मात्र बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवत होता. त्याला आठवलं, माधव एकदा महाबळेश्वरला गेला तो चार दिवस उशिरा परतला होता, काम निघालं म्हणून. म्हणजे तेव्हाच गाडी कुठंतरी आदळली होती आणि त्यानं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाहेर येऊन अरविंद म्हणाला, "मग आता काय राहिलं, आप्पा? भोकं आधीच पडलीयत. आईची अट तशीही मोडलेलीच आहे. सरळ रिबिटं मारा, वेळही वाचेल."

आप्पा हात पुसत होते. म्हणाले, "ती भोकं भावानं पाडली, ती त्येच्यापाशी. आईला शबूद तुमी दिलाय." आणि ते चहा सांगायला आत गेले.

अरविंद बाहेर डबड्यावर बसून राहिला. रखमामावशी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या तरी त्यानं वर पाहिलं नाही. चहा निवला. मग तो उठला, डोकं खाली घालून पुन्हा मडगार्डाच्या आत बघून आला, आणि म्हणाला, "ठीक आहे. तुमच्या पद्धतीनं."

आप्पांची पद्धत त्या आतल्या बाजूतूनच निघाली. मडगार्डाची कड आत दुमडलेली असते, करंगळीएवढी. बाहेरून ती दिसतही नाही. त्या दुमडीला आतून धरणारे पत्र्याचे आकडे आप्पांनी केले, एका चाकाला आठ. आकड्याला बोल्ट, बोल्टला हातानं फिरवता येतील असे दोन कानांचे नट. नट आवळला की आकडा दुमडीला धरतो आणि पडवी बाहेरून मडगार्डावर दाबून बसते. मध्ये रंग खरवडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी. चारही पडव्या ठोकून व्हायला महिना गेला. लाकडाच्या ओंडक्यात खळगा करून त्यात ते पत्रा ठोकत, आणि सपाट पत्र्याला हळूहळू पोट येताना मी बघत असे. मी मुलांना वाटी काढायला शिकवत होते, छाया कुठं द्यायची ते सांगत होते. पण वाटी वाटी कशी होते ते मी तिथं पाहिलं.

पहिली चाचणी न्हावऱ्याच्या रस्त्यावर झाली. सकाळी रस्ता मोकळा होता. अरविंद गाडी घेऊन गेला आणि आम्ही एका बाभळीखाली थांबलो. गाडी परत आली ती तीन पडव्या घेऊन. पुढची डावी वेग वाढल्यावर उडून ज्वारीत गेली होती. अरविंदचा चेहरा उतरला होता. शर्यतीला तीन आठवडे राहिले होते.

मला वाटलं होतं आप्पा खजील होतील. ते जवळजवळ पळतच ज्वारीत शिरले. पडवी सापडली, तेव्हा ती त्यांनी लहान मूल उचलावं तशी दोन्ही हातांवर घेऊन आणली. आठपैकी कुठले आकडे आधी सुटले, कुठले नंतर, कुठला किती वाकला, हे ते रस्त्यात मांडी घालून बघत बसले. दोन बैलगाड्यांना वळसा घालून जावं लागलं.

"वारं पुढनं घुसत असणार," अरविंद म्हणाला.

"असंल. पन बघितल्याबिगर कसं म्हनायचं?"

वारा कसा बघणार, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडं लोकर मागितली. मुलींच्या विणकामासाठी मी ती बाळगते हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या रविवारी त्यांनी लाल लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे केले आणि पडवीवर आत-बाहेर ओळीनं चिकटवले. वारा जिकडं जाईल तिकडं लोकर वळेल. पण ते बघायला चालत्या गाडीत कुणीतरी हवं. अरविंद म्हणाला, हे धोक्याचं आहे, आपण दुसरं काही करू. आप्पा तोवर चष्मा दोरीनं डोक्याला बांधून गाडीत बसले होते. मावशी दारातून म्हणाल्या, "बॉयलरनं एक कान नेला, आता डोकं ऱ्हायलंय तेवढं घिऊन जावा." तरी त्यांनीच आपल्या जुन्या लुगड्याचा पट्टा आणून आप्पांच्या कमरेला आणि बैठकीला गाठ मारली.

ते दृश्य मी विसरणार नाही. मी त्याच बाभळीखाली उभी होते. न्हावऱ्याच्या रस्त्याच्या टोकाला ठिपका दिसला, मोठा होत आला, आणि सायीच्या रंगाची ती गाडी माझ्या समोरून गेली तेव्हा आप्पा कमरेपासून बाहेर झुकलेले, सदरा फुगलेला, आणि नजर चाकावर. भीतीचा लवलेश नाही. वाचनात गढलेला माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते. तीन फेऱ्या झाल्या. चौथीला अरविंदनंच नकार दिला.

खाली उतरल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं. म्हणाले, "भायेरची लोकर गप पडून हाय. आतली नाचती. चाक फिरतंय ना, त्येच वारं ढकलतंय. कोंडलंय ते आत. पुढनं न्हाई, आतनं येतोय जोर."

म्हणजे आकडे आणखी घट्ट करून भागणार नव्हतं. आतल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट हवी होती. आप्पांनी प्रत्येक पडवीच्या मागच्या अंगाला तीन आडव्या फटी कापल्या, माशाच्या कल्ल्यांसारख्या, आणि त्यांच्या कडा बाहेर उचलल्या. कापताना मला म्हणाले, आपल्या पत्र्याला किती बी भोकं पाडू, त्येला कोन इचारतंय. पुढच्या चाचणीत अरविंदनं गाडी पार न्हावऱ्यापर्यंत आणि परत अशी पळवली. एकही नट ढिला झाला नाही. आप्पांनी सगळे बत्तीस नट हातानं तपासले आणि मगच चहा घेतला.

शर्यतीला ते गेले नाहीत. अरविंदनं खूप आग्रह केला. आप्पांचं म्हणणं असं, की गाडी पळताना मला जे बघायचं होतं ते बघून झालं, आता कोण पुढं गेलं हे तुम्ही येऊन सांगालच. पण त्या दिवशी शेडमधून हातोडीचा आवाज आला नाही. दुपारी मी डोकावले तर ते रिकाम्या ओंडक्यापुढं बसले होते. म्हणाले, वळणावर आकड्यांवर किती जोर येतो ते आपण बघितलंच नाही, न्हावऱ्याचा रस्ता सरळ आहे.

अरविंद दोन दिवसांनी आला. सोबत त्याची आई होती, पांढऱ्या सुती साडीतली, ताठ बसलेली. गाडी धुळीनं माखली होती. अकरा गाड्यांत ती सातवी आली. इंजिन तापल्यामुळे शेवटच्या फेऱ्या त्याला सावकाश घ्याव्या लागल्या. आप्पांनी इंजिनाचं काही विचारलं नाही. वळणं किती होती ते विचारलं आणि चारही पडव्या जागेवर बघून मान हलवली.

मग अरविंदनं आईसमोर पडव्या काढायला सुरुवात केली. नट हातानं फिरवायचे, आकडा सोडवायचा, पडवी उचलून बाजूला ठेवायची, रुंद चाक काढून शेडमध्ये ठेवलेलं जुनं चाक बसवायचं. तासाभरात काम आटोपलं. मावशींनी ओल्या फडक्यानं धूळ पुसली. खाली रंगावर ओरखडा नव्हता. आई खुर्चीवरून उठल्या, गाडीभोवती हळूहळू फिरल्या, आणि पुढच्या डाव्या मडगार्डापाशी थांबल्या. नेमक्या त्याच जागी त्यांनी हात ठेवला.

"इथं आपटवली होती त्यानं," त्या म्हणाल्या.

आपण आईपासून एक गोष्ट लपवतोय, हे ओझं अरविंदनं दोन महिने वागवलं होतं.

आप्पांना मात्र राहवलं नाही. ते पुढं झाले. "त्या कामात खोट न्हाई. मला सुदिक हातानंच कळलं. तुमाला कशानं कळलं?"

"त्यानंतर कितीतरी दिवस तो गाडी भिंतीला लावून ठेवायचा," त्या म्हणाल्या, "डावी बाजू भिंतीकडं. त्याआधी कधी ठेवत नसे. आणि पुसताना याच जागी पुन्हा पुन्हा हात फिरवायचा. मी काही बोलले नाही. त्याला वाटलं मला कळलं नाही, तर वाटू दिलं."

आप्पा हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. ते म्हणाले, आम्ही चाक काढून, बॅटरी लावून शोधलं ते तुम्ही ओसरीवरनं बघितलं. त्याही हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मावशींनी चहा आणला. आई आणि आप्पा शेजारी बसून बराच वेळ बोलत होते. बोलणं माधवचंच होतं. तो गाडी कशी धुवायचा, कुठल्या कापडानं पुसायचा, हे आप्पा खोदून खोदून विचारत होते आणि त्या सांगत होत्या. अरविंद मला हळूच म्हणाला, दोन वर्षांत आई दादाबद्दल एवढं बोललेली नाही. निघताना आईंनी आप्पांना नमस्कार केला. अट मागं घेते असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, आणि अरविंदनंही पुढं दोन वर्षं पडव्या लावूनच गाडी पळवली. दरवेळी त्या लावायला तो शिरूरला यायचा. खरं तर ते काम त्याला घरीही करता आलं असतं.

त्यानंतर माझी बदली झाली. आप्पा आणि मावशी थोरल्या मुलाकडं दौंडला राहायला गेल्याचं पत्रातून कळलं. मुलगा रेल्वेतच होता. जाईन एकदा, असं मी ठरवत राहिले.

एकदा सोलापूरला निघाले होते. गाडी दौंडला थांबली. खिडकीतून सहज पाहिलं तर पलीकडच्या फलाटावर मोसंबीवाल्याची हातगाडी उलटी केलेली. मोसंबी वर्तमानपत्रावर ओतलेली, आणि मोसंबीवाला ती लोकांच्या पायांखाली येऊ नयेत म्हणून हात पसरून उभा. हातगाडीच्या चाकापाशी आप्पा उकिडवे बसले होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी हाक मारली, पण तेवढ्यात आमच्या इंजिनानं शिटी दिली आणि ती हाक मलाही ऐकू आली नाही. गाडी हलली. आप्पांनी वर तोंड करून आकाशाकडं बघणाऱ्या त्या चाकाला एका बोटानं गती दिली, हात मागं घेतला, आणि मान तिरपी करून ते बघत राहिले. मोसंबीवाला काहीतरी विचारत होता. त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. फलाट संपेपर्यंत मी खिडकीतून मागं बघत होते. चाक अजून फिरत होतं.